पंख्याचा आवाज

आमच्या घरात कॉम्प्युटरला ‘मशीन’ म्हणतात. म्हणजे आमचे हे म्हणतात, आणि इतक्या वर्षांच्या संसारानंतर मीही म्हणू लागले आहे. ह्यांचं, म्हणजे श्रीधररावांचं, उभं आयुष्य शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात गेलं. मग ऑफसेट आलं, खिळे भंगारात गेले, मालकांनी शटर ओढलं आणि पन्नाशी उलटलेला माणूस घरी बसला. बसला म्हणजे आठवडाभर बसला. एक दिवस उठून डीटीपीच्या क्लासात नाव घालून आला. तिथली पोरं ह्यांना ‘आजोबा’ म्हणायची. आजोबांनी पोरांच्या आधी मराठी कीबोर्ड पाठ केला. मला नवऱ्याचं कौतुक करायची फारशी सवय नाही, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

आता आम्ही वारज्याला राहतो. नारायण पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून फ्लॅटमध्ये आलो तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, मोकळी हवा आहे. हवा आहे, पण ती येताना हायवेची सगळी धूळ घेऊन येते. मुलगा केदार सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो आणि नम्रता, आमची सून, औंधला राहतात आणि रविवारी सकाळी आमच्याकडे येतात. ह्यांचं मशीन त्यानेच आणून, जोडून दिलेलं. त्यावर हे एका प्रकाशकाची पुस्तकं टाइप करून, पानं लावून देतात. श्यामसुंदर घाटपांडे त्यांचं नाव. त्या दिवसांत सह्याद्रीतल्या झाडांवरचं एक जाडजूड पुस्तक चाललं होतं, आणि जेवताना मला भाजीऐवजी झाडांची लॅटिन नावं मिळत होती.

दसऱ्याला ह्यांची मशीनची पूजा असते. छापखान्यात खिळ्यांच्या खणांची आणि पायाने चालवायच्या ट्रेडल छपाईयंत्राची व्हायची, ती इथे टेबलावर आली. ज्याच्यावर आपण जेवतो त्याला वर्षातून एकदा नमस्कार करायचा, एवढंच ह्यांचं म्हणणं, आणि त्यात मला काही वावगं दिसत नाही. गेल्या दसऱ्याला केदारने ह्यांच्यासाठी सीडी ड्राइव्ह भेट आणला होता. तो बसवायला त्याने मशीनचा डबा उघडला, आणि काम होईपर्यंत मी पूजेचं तबक घेऊन उभी.

“झाकण लाव रे आता,” हे म्हणाले.

“राहू दे की बाबा. शस्त्राची पूजा करायची तर पात्याची करायची. म्यानाची काय करता?”

ह्यांना ते इतकं आवडलं, की ते हसत बाजूला झाले आणि पूजेचा मान केदारला दिला. केदारने आत कुठेतरी बोटाने कुंकू टेकवलं आणि लग्नात टाकतात तशा मूठभर अक्षता टाकल्या. मग झाकण लागलं, वर झेंडूचं फूल आलं, आपट्याची पानं आली, श्रीखंड झालं. त्या दिवशी आम्ही चौघंही फार आनंदात होतो.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी दुपारी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“अगं, मशीन हँग झालं.”

“म्हणजे काय झालं?”

“म्हणजे थांबलं. बाण हलत नाही, अक्षर उमटत नाही. बंद करून चालू केलं, तर आता प्रोग्रॅमच उघडत नाही. नुसतं वाळूचं घड्याळ.”

मी म्हटलं, झोपा थोडा वेळ, त्यालाही झोपू दे. मला दुसरं काय कळणार? पण उपाय लागू पडला. चहानंतर प्रोग्रॅम मुकाट्याने उघडला. फक्त दुपारभर केलेली पानं त्यात नव्हती.

मग हे रोजचंच झालं. सकाळी सगळं सुरळीत, दुपारी डोक्यावर ऊन आलं की मशीन अडून बसायचं. हे चिडायचे, मग गप्प व्हायचे, मग तीच पानं पुन्हा करायला घ्यायचे. ऑक्टोबरची तलखी, खिडकी उघडली तर धूळ, बंद केली तर घामाच्या धारा. ह्यांच्या पाठीकडे बघून मला कळायचं की आतून माणूस किती वैतागला आहे.

केदार रविवारी आला. पोहे खाऊन मशीनसमोर बसला आणि ताबडतोब म्हणाला, “चालतंय की बाबा.”

“सकाळी चालतं. दुपारी हँग होतं.”

“बाबा, कॉम्प्युटरला दुपार-सकाळ कळत नाही.”

तरी त्याने त्याच्या परीने सगळं केलं. व्हायरस शोधला, सापडला नाही. प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला. मधल्या एका सुट्टीच्या सकाळी येऊन अख्खं मशीन फॉरमॅट केलं आणि नव्याने सगळं भरलं. त्याच्यासमोर ते एकदाही अडकलं नाही. तो जेवायच्या आधी निघून जायचा आणि दुपारी हे पुन्हा दारात उभे. फोन केला की केदार एकच प्रश्न विचारायचा, “बाबा, त्याआधी तुम्ही काय दाबलं होतंत?”

“काही नाही रे. टाइप करत होतो.”

“काहीतरी दाबलं असणार. आपोआप असं होत नाही.”

पुढच्या रविवारी त्याने ह्यांच्याकडून पुस्तकाची फाइल उघडून घेतली. हे म्हणाले, हिरड्याचं प्रकरण झालं आहे. फाइलमध्ये हिरड्याचं प्रकरण नव्हतं.

“सेव्ह केलं होतंत?”

“केलं होतं.”

“मग कुठंय?”

हे स्क्रीनकडे बघत राहिले. “केलं होतं रे,” असं पुन्हा म्हणाले, पण आवाज उतरला होता. केदारने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला लगेच कळलं, आणि मला पोटच्या पोराचा राग आला.

कारण ती गोष्ट आमच्या घरात होऊन गेलेली आहे. माझे सासरे, ज्यांना हे दादा म्हणत, शाळामास्तर होते. शेवटची काही वर्षं त्यांना काही म्हणजे काही आठवायचं नाही. टोपी घालून शाळेत निघायचे, आणि मी अडवलं की ह्यांना विचारायचे, “ही बाई कोण?” त्यांना आंघोळ घालण्यापासून भरवण्यापर्यंत सगळं ह्यांनी केलं. मी मदतीला होते, पण हात ह्यांचा होता. एकदाही तोंडातून वाकडा शब्द गेला नाही. दादा गेले त्या दिवशी हे मला एवढंच म्हणाले होते, “माझं असं झालं तर केदारला हे करायला लावू नकोस.”

त्या रविवारी केदार गेल्यावर हे गॅलरीत बसले होते. मी चहा नेऊन दिला. तो त्यांनी हातातच धरून ठेवला.

“आनंदी, दादांची सुरुवात आठवते तुला?”

“नाही,” मी म्हटलं. आठवत होती.

“ते म्हणायचे, पेपर तपासून झाले. शपथ घेऊन म्हणायचे. आणि गठ्ठा तसाच्या तसा असायचा.”

“तुमचं मशीन बिघडलंय.”

“केदार म्हणतो मशीन चांगलं आहे. तो त्यातला आहे.”

मला इतकी भीती वाटली की मी उगाच खेकसले. चहा प्या निमूट, म्हटलं, भलत्यावेळी भलतं बोलू नका. आणि आत येऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

एकदा मनात आलं की सगळीकडे तेच दिसायला लागतं. हे चष्मा फ्रिजवर ठेवून शोधायचे. तो मीही शोधते. दुधाखालचा गॅस तसाच राहिला. पेपर वाचायला घेतला की कुणाचाही राहतो. पण एके दिवशी हे घाटपांड्यांकडे अप्पा बळवंत चौकात गेले आणि बराच उशीर झाला तरी परतले नाहीत. आले ते घामेघूम होऊन. चौकातून निघाले ते सरळ नारायण पेठेत, आमच्या जुन्या पत्त्यावर गेले होते. तिथे आता नवी इमारत आहे. जिन्यापाशी वॉचमनने हटकलं तेव्हा लक्षात आलं.

“पाय आपोआप वळले,” हे हसत म्हणाले. हसताना माझ्याकडे बघितलं नाही.

हे मी केदारला सांगितलं नाही. ह्यांनीच सांगितलं, फोनवर, गंमत म्हणून. पोरगा गमतीत घेईल असं त्यांना वाटलं असावं. केदारने दोन गोष्टी केल्या. मेंदूच्या एका डॉक्टरांची दिवाळीनंतरची वेळ घेतली आणि त्यांचा नंबर मला लिहून घ्यायला लावला. आणि ह्यांना न विचारता घाटपांड्यांना फोन करून सांगितलं, की बाबांना ताण होतोय, पुस्तक दुसऱ्या कुणाला तरी द्या.

ते आम्हाला कळलं घाटपांड्यांकडूनच. “तब्येतीला जपा श्रीधरराव,” असं ते फार हळुवारपणे म्हणाले म्हणे. एरवी त्यांचा आवाज चौकाच्या पलीकडे ऐकू जातो. हे फोन ठेवून मशीनपाशी गेले, त्यावर मी भरतकाम केलेलं कापडी आवरण घातलं, नीट ओढून सारखं केलं आणि बाहेर येऊन बसले. मग दिवसभर नुसते बसून. दुसऱ्या दिवशीही. क्लासला जायच्या आधी जे आठवडाभर बसले होते, तसं हे बसणं नव्हतं. तेव्हा ते विचार करत होते. आता ते वाट बघत होते, आणि कशाची ते मला माहीत होतं.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी केदार फराळाचे डबे न्यायला आला. माझी साफसफाई चालली होती. मी त्याला चहा दिला नाही. पदर खोचलेला तसाच ठेवून समोर उभी राहिले.

“मशीनचा डबा उघड.”

“का?”

“वारज्याची धूळ बसलीये आत. घरातली प्रत्येक वस्तू मी पुसलीये, ती एकच राहिली.”

“आई, मी सॉफ्टवेअरमधला. हार्डवेअर माझं काम नाही. आणि बाबा आता वापरणार थोडेच...”

“पूजेच्या दिवशी बरा उघडता आला.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग निमूट स्क्रू काढायला बसला. हे दाराला टेकून बघत होते. झाकण निघालं. धूळ होतीच, मी ओला फडका घेऊन पुढे झाले, तेवढ्यात केदार म्हणाला, “थांब.”

आत एक छोटा पंखा होता. मशीनचा मेंदू तापू नये म्हणून त्याच्या डोक्यावरच बसवलेला असतो, असं केदारने नंतर सांगितलं. त्याचं पातं आणि कडा यांच्या मधोमध तांदळाचा एक दाणा घट्ट बसला होता. कुंकवाने लाल झालेला. केदारने बोटाने पातं फिरवून बघितलं. ते जागचं हललं नाही.

मग केदारने नखाने दाणा काढला आणि तळहातावर घेतला.

“हा फिरतच नव्हता,” तो म्हणाला. “मागचा मोठा पंखा चालू होता म्हणून आवाज यायचा. सकाळी थंड असताना चालायचं. दुपारी तापलं की हँग. लगेच चालू केलं तर प्रोग्रॅम उघडणार नाहीच. बाबा, मी नेहमी सकाळी येत होतो.”

“म्हणजे मी काही दाबत नव्हतो,” हे म्हणाले.

“नाही बाबा.”

“आणि हिरडा मी केला होता.”

“केला असणार. हँग होताना गेला.”

ह्यांनी तो दाणा केदारच्या हातावरून उचलला, उजेडात धरून पाहिला आणि असे हसायला लागले, की त्यांना खाली बसावं लागलं. “पात्याची पूजा!” असं म्हणायचे आणि पुन्हा हसायचे. केदारही हसला, आणि हसता हसता त्याने ह्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. “चुकलं बाबा,” असं तो म्हणाला, ते मी ऐकलं. मी मात्र मोठ्याने रडले. मला लाज वाटली नाही. इतक्या दिवसांचं रडू होतं, कुठेतरी जायला हवंच होतं.

त्याच दुपारी केदार नवा पंखा घेऊन आला. तो जुन्यापेक्षा बराच मोठ्याने वाजतो. “चांगलंय,” केदार म्हणाला, “आई, हा आवाज ऐकू येतोय तोवर समजायचं, सगळं ठीक आहे.” घाटपांड्यांकडे तो स्वतः गेला आणि पुस्तक परत घेऊन आला. त्यांनी ते दुसऱ्या कुणाला दिलंच नव्हतं. दुसऱ्याला ती लॅटिन नावं जमली नसती, असं ते म्हणाले. डॉक्टरांचा नंबर लिहिलेला कागद फ्रिजला लोहचुंबकाने लावलेला होता. तो मी काढला, बारीक बारीक तुकडे केले आणि केराच्या डब्यात टाकले. वेळ रद्द करायला केदारला सांगितलं. त्याने लगेच केली.

यंदासारखी दिवाळी आमच्याकडे कित्येक वर्षांत झाली नव्हती. चकल्या मऊ पडल्या तरी कुणी बोललं नाही. हे पाहुण्यांना अक्षतेची गोष्ट सांगायचे, प्रत्येक वेळी तितक्याच रंगात, आणि केदार तिथे असला की तोही मान खाली घालून ऐकून घ्यायचा. चष्मा फ्रिजवर सापडला की मी आता मुद्दाम ओरडायचे, “अहो, तिथेही अक्षता टाका!” नारायण पेठेचं काय, जन्म गेला त्या गल्लीत, पाय वळणारच. सगळ्याला आता कारण होतं.

तुळशीचं लग्न झालं, थंडी पडायला लागली. दुपारी मी ओट्यापाशी भाजी निवडत असायचे आणि आतल्या खोलीतून पंख्याची घरघर यायची. तिची इतकी सवय झाली होती, की लाइट गेले आणि ती थांबली तर माझा जीव वरखाली व्हायचा. त्या दिवशी मेथी होती. पंखा व्यवस्थित वाजत होता. कीबोर्डची टकटक मात्र थांबली होती, ते माझ्या जरा उशिराच लक्षात आलं.

“अगं,” हे आतून म्हणाले, “परत हँग झालं बघ.”

मी हात न पुसताच गेले. हे खुर्चीत ताठ बसले होते, दोन्ही हात मांडीवर. पंखा फिरत होता. मी डब्याला हात लावला. थंडगार होता. स्क्रीनवर हिरड्याचं पान होतं, पूर्ण झालेलं, आणि मधोमध एक छोटी चौकट आली होती. त्यात विचारलं होतं, केलेले बदल साठवायचे का? खाली दोन बटणं होती, हो आणि नाही. प्रत्येक फाइल बंद करताना ती चौकट येते. ह्यांनी तिला दिवसातून कितीतरी वेळा उत्तर दिलं असेल. मला मशीनमधलं काही कळत नाही, पण बाजूला बसून बसून ती मलासुद्धा ओळखीची झाली होती. मी माउस थोडा हलवून बघितला. बाण हलला.

“केव्हापासून असंय?” मी विचारलं.

“मघापासून. काही करू देत नाही. नुसतं थांबलंय.”

त्यांच्या चेहऱ्यावर वैताग नव्हता. मला वैताग हवा होता. ते शांतपणे त्या चौकटीकडे बघत होते, अनोळखी गावातल्या पाटीकडे बघावं तसे. माझ्या हाताला मेथीचा वास येत होता.

“हो हो,” मी म्हटलं, “तापलं असेल. जा, तोंड धुऊन या. चहा टाकते, तोवर होईल.”

ते उठून गेले. बाथरूममध्ये नळाचा आवाज आला. मी माउस धरला आणि ‘हो’ वर दाबलं. चौकट गेली. हिरडा साठवला गेला. मग मी आधण ठेवलं आणि फ्रिजच्या रिकाम्या दारासमोर उभी राहिले. त्या कागदाचे मी इतके बारीक तुकडे केले होते. डॉक्टरांचं नाव आठवत होतं, नंबर नव्हता. तो आता केदारकडेच मागावा लागणार होता.

हे टॉवेलने तोंड पुसत आले, स्क्रीनकडे बघितलं आणि खूश झाले. “झालं की सुरू!”

“झालं.”

“तरी बरं.” त्यांनी चहा घेतला, एक घोट प्यायले आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, “केदारला सांगू नकोस हं. तो म्हणेल, बाबांनीच काहीतरी दाबलं.”

“नाही सांगत,” मी म्हटलं.